उघडली, एवढंच कळतं

त्या मेलमधून तिला काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. म्हणजे पुढे ती जी चिडचिड करणार आहे ती अगदीच अनाठायी वाटायला नको. मिळणार होतं एक वर्ष. दुसऱ्या गावी, समुद्रापासून चालत जाता येईल अशा जागी बहिऱ्या मुलांची एक नवी शाळा निघाली होती, आणि तिथे कान तपासायची खोली पहिल्यापासून उभी करून द्यायला कोणीतरी जाणतं माणूस हवं होतं. शाळेच्या हेडबाईंनी हिला एका सभेत बोलताना ऐकलं होतं. राहायला आवारातच दोन खोल्या. वर्ष म्हटलं तर वर्ष, पण तिने त्याची सुटी मोड करून ठेवली होती. स्वतःच्या किल्लीने उघडायचं दार, ज्याच्या आतून 'कोण आहे?' असं कोणी ओरडणार नाही. भूक लागली तर जेवण, नाही लागली तर नाही. टीव्हीचा आवाज, जो आईच्या एका अधू कानासाठी वाढवलेला असतो आणि हिच्या दोन धडधाकट कानांना भोगावा लागतो, तो बंद. अंघोळीला गेल्यावर बाहेरून दारावर थाप नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट, जी तिने स्वतःशीही कधी मोठ्याने म्हटली नव्हती: दादाला कळणं. आईबरोबर राहणं म्हणजे काय असतं हे त्याला एकदाचं, सणसणीत, वर्षभर कळणं. हा नफा सगळ्यांत मोठा होता, आणि मेलमध्ये अर्थातच तो लिहिलेला नव्हता.

मेलमध्ये शाळाही लिहिलेली नव्हती. इथेच तिची हुशारी होती, असं तिला वाटत होतं. शाळेचं सांगितलं असतं तर दादाने उपकार केले असते. 'जा जा, तुझी संधी आहे, आम्ही बघतो आईचं,' असं म्हणून त्याने वर्षभर आई सांभाळली असती आणि पुढची वीस वर्षं ती गोष्ट प्रत्येक जेवणाच्या टेबलावर वाढली असती. तिला उपकार नको होते, तिला त्याचं कर्तव्य हवं होतं. म्हणून तिने लिहिलं: 'दादा, आईला थोडा बदल हवा आहे असं वाटतं. पुढच्या महिन्यापासून वर्षभर तुमच्याकडे राहिली तर तिलाही बरं वाटेल. तुमच्याही अडचणी असतील, मला कल्पना आहे. जमणार नसेल तर तसं कळव. वहिनीला नमस्कार.' वाक्यं साधी, आवाज थंड, कुठे गळा काढलेला नाही. आईला बदल हवा आहे हे धादांत खोटं होतं. आईला खुर्ची खिडकीपासून वीतभर सरकवलेलीही चालत नसे. पण ते वाक्य इतकं सभ्य दिसत होतं की तिने ते राहू दिलं. मग तिने बटण दाबलं, मेल सुर्रकन गेली, आणि तिला वाटलं की झालं.

झालं काहीच नाही. सोमवारी उत्तर नाही, मंगळवारी नाही. हेडबाईंना शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं. दवाखान्यात दोन पेशंटांच्या मधल्या वेळात ती मोबाइल उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची, जणू उत्तर तिथे येऊन बसलंय आणि आपण नीट पाहिलं नाही. येत होतं ते भलतंच: चपलांच्या दुकानाचं, बँकेचं, ज्या संस्थेची ती सभासद नव्हती त्या संस्थेच्या वार्षिक सभेचं. जगातला प्रत्येक माणूस तिला लिहीत होता, एक सोडून. पाठवलेल्या मेलांत तिची मेल दिसत होती, शहाण्या मुलासारखी गप्प बसलेली. पाठवली म्हणजे काय? आपल्या हातून गेली. विहिरीत दगड टाकला तर निदान डुबुक आवाज येतो.

आणि आवाज पोचला की नाही हे ओळखणं हाच तर तिचा धंदा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मागच्या बाजूला तिची खोली, खोलीत काचेची खिडकी असलेली बंद पेटी, पेटीत खुर्ची, खुर्चीत माणूस, माणसाच्या कानांवर हेडफोन आणि हातात बटण. ती बाहेरून बारीक सूर सोडायची, आणखी बारीक, आणखी. ऐकू आला की आतल्याने बटण दाबायचं, इकडे दिवा लागायचा. इतका सरळ व्यवहार तिने दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता. सूर गेला, दिवा लागला, पोचला. दिवा नाही, नाही पोचला. मधलं काही नाही. लबाडही यायचे. कारखान्यातला एकजण यायचा, त्याला यंत्राच्या खात्यातून बदली हवी होती आणि त्यासाठी बहिरं व्हायचं होतं. तो खुशाल डोळे मिटून बसे, बटणाला हात लावत नसे. तिने एकदा बाहेरच्या माइकवर, तोंडापुढे कागद धरून, अगदी हळू, म्हटलं, "तुमच्या बुटाची नाडी सुटलीय हो." त्याने चटकन खाली पाहिलं. बुटाला नाडीच नव्हती. दोघंही हसली होती. ऐकू येऊन न ऐकल्यासारखं करणाऱ्याचा चेहरा कसा असतो हे तिला पाठ होतं: मान जरा जास्तच स्थिर, श्वास जरा जास्तच मोजका. दादा या पेटीत बसला असता तर एका मिनिटात सांगितलं असतं. पण दादा चार तासांवरच्या शहरात होता, काचेच्या पलीकडे नव्हे, काचेच्या पार पलीकडे, आणि त्याच्या मानेचं काय चाललंय ते दिसायला मार्ग नव्हता.

फोन का केला नाही? हा प्रश्न तिला कोणी विचारला नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. पण तीच स्वतःला विचारायची आणि स्वतःवरच उखडायची. फोन केला म्हणजे विचारलं. विचारलं म्हणजे गरज आपल्याला, हे कबूल केलं. शिवाय फोनवर दादा नेहमीच खुशीत असतो, खुशीत असलेल्या माणसाला काही मागता येत नाही. बुधवारी संध्याकाळी त्याचा नेहमीचा फोन आलाच. आईसाठी स्पीकर लावावा लागतो, त्यामुळे तो फोन म्हणजे जाहीर सभा. आईने त्याला आपल्या गुडघ्याचं सांगितलं, खालच्या मजल्यावर आलेल्या नव्या बिऱ्हाडाच्या कुत्र्याचं सांगितलं, तो हो हो करत राहिला. मग म्हणाला, "तायडे, बाकी काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "तुझं?"

"मजेत."

तिने कान असा लावला की एखाद्या पेशंटचाही कधी लावला नसेल. तिकडे पंख्याची घरघर, वहिनीच्या बांगड्या, कशाचं तरी झाकण पडलं. मग दादा म्हणाला, "चला, ठेवतो," आणि ठेवलाच. नाडी नसलेल्या बुटाकडेसुद्धा पाहिलं नाही पठ्ठ्याने.

"कसली मजा चाललीय त्याची एवढी?" आई म्हणाली.

"त्यालाच विचार."

"तू का फणकारतेस? आणि त्या मोबाइलात सारखं काय बघतेस गं?"

"कामाची मेल यायचीय."

"काम उत्तर देत नाही होय," आई म्हणाली, आणि खिडकीकडे वळली. आईला अर्धं ऐकू यायचं, पण नेमकं कुठलं अर्धं हे तिच्या मर्जीवर असायचं. मुलगी कान तपासणारी असूनही तिने स्वतःचा कान कधी तपासू दिला नाही. 'मला जेवढं लागतं तेवढं येतं' हा तिचा सगळा रिपोर्ट.

गप्प राहणं या घरात नवं नव्हतं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि बोलणं त्यांना घड्याळ उघडं असताना शिंकण्यासारखं वाटायचं. सहलीला जाऊ का, पोहायला शिकू का, मैत्रिणीकडे राहू का, काहीही विचारा. डोळ्याला लावलेलं ते काळं भिंग तसंच, चिमटा तसाच, उत्तर नाही. ती भिंतीला टेकून वाट पाहत उभी राहायची. पाय दुखायला लागले की समजायची की नाही म्हणाले, आणि आत जाऊन सहलीचा विषय पुसून टाकायची. दादा विचारायचा तेव्हाही उत्तर नसायचं, पण तो वाट पाहायलाच थांबत नसे. विचारायचा आणि पायात चपला घालायचा. सहलीला गेला, पोहायला शिकला, पुढे शिकायला दुसऱ्या शहरात गेला आणि तिथलाच झाला. बाबा त्याला कधी रागावले नाहीत. तिला आठवतं, एकदा तिने रडत आईला विचारलं होतं की दादाला हो म्हणतात आणि मला का नाही, तर आई म्हणाली, "तुला कधी नाही म्हणाले ते?" तिला वाटलं होतं, आई दादाची बाजू घेते. आताही तेच वाटत होतं. जन्मभर हा माणूस उत्तराची वाट न पाहता निघून गेला, आणि आता उत्तर द्यायची वेळ त्याची आली तर बाबा होऊन बसलाय. नुसतं भिंग तेवढं राहिलंय डोळ्याला लावायचं.

गुरुवारी सकाळी तिने आईचा खिडकीतला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. हा सापळा होता. चहा कोमट व्हायच्या आत दादाचा अंगठा आला. म्हणजे माणूस जिवंत होता, हात चालू होते, इंटरनेट होतं. त्या पिवळ्या अंगठ्याकडे ती दवाखान्यातही इतकी रोखून पाहत राहिली की डॉक्टरांनी दोनदा हाक मारलेली तिला ऐकू आली नाही, आणि कान तपासणाऱ्या बाईंनाच आता तपासून घ्यायला हवं, असा विनोद त्यांनी केला. अंगठा! आईच्या फोटोला अंगठा दाखवणारा माणूस आईला नेशील का या प्रश्नाला दाखवत नाही.

मग तिने प्लगला गाठलं. दवाखान्यातले संगणक सांभाळणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे प्लगच म्हणायचे, कारण कुठलंही यंत्र बंद पडलं की त्यांचा पहिला प्रश्न "प्लग नीट लावलाय ना?" हाच असे, आणि तापदायक गोष्ट ही की बहुतेक वेळा तो लावलेला नसे. वय पन्नाशीपलीकडचं, शर्टाच्या खिशात कायम एक स्क्रू-ड्रायव्हर.

"मेल पोचली की नाही ते कळतं का हो?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"परत आली का?"

"परत कशी येईल?"

"पत्ता चुकला तर परत येते. आली नाही ना? मग पोचली."

"त्याला मिळाली?"

"त्याच्या कंपनीच्या दारापर्यंत पोचली. दारवानाने आत घेतली. आता दारवानाने त्याच्या हातात दिली की कचऱ्याच्या टोपलीत टाकली, ते दारवानाला माहीत."

"आणि हातात दिली असेल तर? त्याने वाचली का ते?"

प्लगनी तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, समोर बसलेला माणूस आपलं ऐकतोय का ते आपल्याला कळत नाही. तुम्ही मेलचं विचारताय."

"मला कळतं," ती म्हणाली. "तोच माझा धंदा आहे."

"मग एक करता येईल," ते म्हणाले आणि आवाज खाली आणला, जरी खोलीत दुसरं कोणी नव्हतं. "एक पोचपावती मागता येते, पण ती समोरच्याला विचारून जाते. तो नको म्हणाला की संपलं. दुसरं म्हणजे ठिपका. मेलमध्ये एक ठिपका लपवायचा, दिसत नाही असा. समोरच्याने मेल उघडली की तो ठिपका आपल्याला खबर देतो. पण शंभर टक्के नाही हां. कधी कधी ठिपका येऊच देत नाहीत, कधी कधी माणसाआधी यंत्रच उघडून बघतं."

"लबाडी आहे."

"आहे," प्लग आनंदाने म्हणाले. "लावू?"

मजकूर काय लिहायचा हा प्रश्न होता. 'माझी मेल मिळाली का' लिहायचं नाही. ते म्हणजे भिंतीला टेकून उभं राहणं. शेवटी तिने पहिल्याच मेलच्या डोक्यावर दुसरी लिहिली, म्हणजे ही उघडली की ती तिच्या पोटात दिसणारच. लिहिलं: 'दादा, आईच्या गोळ्यांची नावं पाठवते. असू देत तुझ्याकडे.' आणि खाली सकाळच्या, दुपारच्या, झोपायच्या वेळच्या गोळ्या. निरुपद्रवी, बहिणीच्या जातीला शोभेल अशी मेल. ठिपका कुठे बसला ते तिलाही दिसलं नाही. मेल गेली. दुपारच्या पेशंटला तिने सूर सोडले, त्याने बटणं दाबली, दिवे लागले, आणि तिला पहिल्यांदाच त्या दिव्यांचा राग आला. किती सहज लागतात मेले.

प्लग खोलीत डोकावले तेव्हा ती एका म्हाताऱ्या शिक्षकांच्या कानातला मळ पाहत होती. "उघडली," ते दारातूनच म्हणाले. जसं काही पेशंटच्या नातेवाइकांना ऑपरेशन झाल्याचं सांगतात तसं. शिक्षकांनी विचारलं, "काय, पडदा?" तिने त्यांना नाही नाही म्हणून सांगितलं. उघडली. पोचली, हातात पडली, वाचली. संध्याकाळी निघताना प्लग म्हणाले, "परत उघडली. आणि परत. तुमचा माणूस चार-पाचदा वाचतोय मॅडम."

"यंत्र असेल."

"यंत्र एकदाच बघतं. हा माणूस आहे."

घरी चालत जाताना तिला कळलं की आतापर्यंत आपण बरे होतो. आतापर्यंत मेल हरवलेली असू शकत होती. दारवान वाईट असू शकत होता. चार दिवस ती ज्या माहितीसाठी जीव टाकत होती ती मिळाली आणि तिने हातातला शेवटचा आधार काढून घेतला. न पोचलेल्या मेलचं उत्तर येत नाही यात कोणाचा दोष नाही. पण चार-पाचदा उघडून, वाचून, मिटून ठेवलेल्या मेलचं उत्तर येत नाही याला एकच नाव आहे. रस्त्यात एक बाई मुलाला फरफटत नेत होती आणि मूल 'नाही, नाही' असं जोरजोरात ओरडत होतं. तिला त्या मुलाचा हेवा वाटला, त्या बाईचाही वाटला. केवढी स्वच्छ गोष्ट आहे ती, नाही म्हणणं. एका शब्दात सांगता आलं असतं दादाला. 'जमणार नाही.' तिने तर त्याला वाक्यही लिहून दिलं होतं: जमणार नसेल तर तसं कळव. तेवढेही कष्ट नाहीत. चारदा वाचायचे कष्ट आहेत. तिच्या डोळ्यांसमोर दादा आणि वहिनी पलंगावर मोबाइल घेऊन बसलेले आले: 'बघ कशी लिहिलीय, बदल हवाय म्हणे आईला. गोळ्या पण पाठवल्यात. म्हणजे आपल्यावर ढकलायचं नक्की केलंय.' वहिनीचा आवाज तिने इतका हुबेहूब केला की समोरून येणारा सायकलवाला वळून पाहायला लागला.

घरी आई म्हणाली, "उशीर झाला."

"झाला."

"चेहरा का असा?"

"आई, तू दादाकडे जाशील राहायला?" तिच्या तोंडून एकदम गेलं.

टीव्हीवर कोणीतरी गात होतं. आई तिकडेच पाहत राहिली. तिची मान स्थिर होती, जरा जास्तच स्थिर. "काय म्हणालीस? हा गाणारा बरा आहे हो," आई म्हणाली. आणि कान तपासण्यात केस पांढरे केलेल्या त्या बाईने ठरवून टाकलं की आईला ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी तिने पेटीत जाऊन, दार लावून, हेडबाईंना फोन केला. पेटीत बोललं की आवाज भिंती गिळून टाकतात, स्वतःचाच आवाज दुसऱ्याचा वाटतो. तिने सांगितलं की घरच्या अडचणींमुळे जमत नाही. हेडबाई चांगल्या होत्या. "अरेरे," म्हणाल्या. "तुम्ही याल असं मी धरूनच चालले होते. आठवडाभर काही बोलला नाहीत ना, म्हटलं, सामान बांधत असतील."

"नाही. म्हणजे, मी वाट पाहत होते."

"कशाची?"

तिने हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली. हेडबाई म्हणाल्या की दुसऱ्या एक बाई आहेत, त्या आजच्या आज हो म्हणतील. ती पेटीतच बसून राहिली. काचेतून बाहेर तिची रिकामी खुर्ची दिसत होती, यंत्र दिसत होतं. बरं वाटत होतं, हे सांगायला हवं. वाईटाच्या आत एक बरं असतं. दादाने तिचं एक वर्ष खाल्लं होतं, आणि आता ते त्याच्या नावावर कायमचं लागलं होतं. पुढच्या वीस वर्षांच्या जेवणांना वाढायला तिच्याकडे काहीतरी आलं होतं. ती बोलणार नव्हती अर्थात. न बोलण्यातच त्याची चव होती.

रविवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. दादा. हातात एक भली मोठी बॅग, तिच्याहून मोठी, आणि ती त्याने अशी एका बोटाने उचलली होती की रिकामी आहे हे दिसत होतं.

"तायडे, चहा टाक. आई उठली?"

"तू इथे कसा?"

"कसा म्हणजे? न्यायला आलोय. महिना उद्यापासून सुरू होतो ना?"

तिने दाराची कड धरली. "तू मला कळवलं नाहीस."

"काय कळवायचं होतं?" तो बुटाच्या नाड्या सोडत होता, खऱ्या नाड्या, मान खाली घालून, अगदी निवांत. "जमणार नसेल तर कळव म्हणालीस. मला जमणार होतं."

"अरे पण हो म्हणून दोन अक्षरं... बुधवारी फोनवर तरी..."

"फोनवर स्पीकर. तू तोंडी न बोलता मेल केलीस म्हणजे आईसमोर नको, एवढी अक्कल आहे मला. आणि नंतर तू गोळ्या पाठवल्यास. म्हटलं, झालं, ठरलं. बायको म्हणाली, बघा, तुमची बहीण कशी पद्धतशीर आहे. केमिस्टच्या दुकानात उभं राहून तीन वेळा उघडली ती मेल. तो एक नाव वाचायचा, आत जायचा, परत यायचा, तोवर स्क्रीन बंद. सगळ्या आणल्यात, निम्म्या वर्षाला पुरतील एवढ्या. न्हाणीघरात धरायला दांडा लावला. हिने शिवणाचं मशीन पुढच्या खोलीतून बोळात नेलं, आईला खिडकी हवी म्हणून. तिची गिऱ्हाइकं आता बोळात माप देतात, कुरकुरतात. असू दे. तू का अशी उभी आहेस?"

तिला सांगता आलं असतं. आत्ता, या क्षणी, एक वाक्य: राहू दे रे, आता गरज नाही. पण मग 'आता' म्हणजे काय आणि 'गरज' कसली, हे सांगावं लागलं असतं. शाळा सांगावी लागली असती, समुद्र सांगावा लागला असता, आईला बदल नको होता हे सांगावं लागलं असतं. ती आत गेली, मोरीचं दार लावलं, नळ सोडला आणि हेडबाईंना फोन केला. रविवारी फोन केल्याबद्दल माफी मागितली. हेडबाई पुन्हा चांगल्याच वागल्या. दुसऱ्या बाई कालच येऊन खोल्या पाहून गेल्या होत्या, पडद्यांची मापंसुद्धा घेऊन. बाहेरून दारावर थाप पडली. "किती वेळ गं," आईचा आवाज. "दादा आलाय."

ती बाहेर आली तेव्हा आई खिडकीशी आपल्या खुर्चीत होती आणि दादा तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला स्टुलावर. रिकामी बॅग मध्ये उघडी पडली होती, जांभई दिल्यासारखी.

"तर मला बदल हवाय," आई म्हणाली. दादाकडे पाहून नाही, तिच्याकडे पाहून.

"आई, तसं नाही..."

"कुठल्या पत्त्यावर विचारलं होतंस मला?"

दादा हसला. "आई, अगं हिने काळजीपोटी..."

"तू थांब. तुझं आयुष्य बरं आहे, तुला न विचारता सगळं कळतं. हिला विचारूनही काही कळत नाही. गुरुवारी विचारलंस तेव्हा मी काय म्हणाले?"

"गाणारा बरा आहे म्हणालीस."

"आणि तू विचारलंस पुन्हा?"

आईने खुर्चीच्या हातांवर जोर दिला, गुडघा सरळ केला, उभी राहिली. खिडकीतून खाली एकदा पाहिलं. खाली ते कुत्रं होतं, नव्या बिऱ्हाडाचं, ज्याला ती गेले आठ-पंधरा दिवस शिव्याही देत होती आणि वरून पोळीचे तुकडेही टाकत होती. "जाते," ती म्हणाली. "एकीने लिहिलं, एकाने वाचलं, एक बिचारी बोळात जाऊन बसली. एवढं सगळं झाल्यावर मी नाही म्हटलं तर तुम्ही दोघं पुन्हा मेली करत बसाल. माझी निळी शाल वरच्या फळीवर आहे. आणि ती गोळ्यांची डबी नको, ह्याने आणल्यात."

"आई, नसेल जायचं तर..." ती म्हणाली. दादा तिच्याकडे बघत होता, भुवया उंचावून, खरोखरच न समजल्यासारखा.

"आता काय," आई म्हणाली. "बॅग भर."

संध्याकाळी टॅक्सी गेली. ती वर आली, स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. आतून कोणी काही विचारलं नाही. टीव्ही बंद होता. भूक नव्हती, म्हणून जेवली नाही. जे जे हवं म्हणून तिने मांडून ठेवलं होतं ते सगळं एका संध्याकाळी घरपोच आलं होतं, फक्त ज्यासाठी हवं होतं ते सोडून. आणि तिला त्यावर चिडायचं होतं, तर कोणावर चिडावं ते सापडेना. दादाला आई मिळाली आणि वर चांगुलपणा मिळाला, तोही न मागता, नेहमीसारखा. शाळेला तिची बाई मिळाली. वहिनीने, जिचा आवाज काढून ही रस्त्याने हसं करून घेत होती, पुढची खोली दिली होती. आईने खिडकी दिली, खुर्चीची जागा दिली, खालचं कुत्रं दिलं, आणि एकही शब्द जास्त बोलली नाही. राहता राहिली ती स्वतः. तिने पुन्हा पुन्हा सगळं तपासून पाहिलं. इतकी वर्षं या घरात देणारी एकटी आपण, हे धरून ती जगली होती, त्यावर रुसली होती, त्यावर ताठ उभी राहिली होती. या खेपेला सगळ्यांनी काही ना काही दिलं होतं, आणि तिच्या एकटीच्या नावापुढे काही नव्हतं.